वतन गेले, मान कोठे राहिला?

‘आमची जमीन कुळकायद्यात गेली,’ हे वाक्य महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत तीन पिढ्या ऐकू येत आहे. त्यामागील इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

वतन व इनाम ही केवळ उत्पन्नाची साधने नव्हती. गावातील मानपान, सोयरीक, सावकाराकडील पत, किंबहुना कित्येकांचे आडनावही त्यांच्याशी निगडित होते. म्हणूनच १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने सनदा तपासून अनेक इनामे खालसा केली, तेव्हा तो आघात तिजोरीपेक्षा प्रतिष्ठेवर अधिक झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात हे चक्र वेगाने फिरले. कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले होते. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. परगणा व कुळकर्णी वतने १ मे १९५१ पासून संपुष्टात आली. १९४८ च्या कुळकायद्यात १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला. त्या दिवशी कूळ कसत असलेल्या जमिनीचे मालक मानले गेले. सर्वसाधारण कुळाने द्यावयाची किंमत आकाराच्या २० ते २०० पट या मर्यादेत ठरे, आणि आकार जुना असल्याने ती बेताचीच असे. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असल्यास कुळाचा खरेदीहक्क तेवढ्यापुरता लांबणीवर पडे.

संपत्तीवरील करांचे ओझे त्या मानाने थोड्यांवरच पडले. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये मृत्युकर आला, १९५७ मध्ये संपत्तिकर आला. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला. परंतु संपत्तिकरास आरंभी व्यक्तीला दोन लाख व एकत्र हिंदू कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत माफी होती. कारकुनाच्या वा शिक्षकाच्या घरास त्याची झळ कोठून लागणार? पुढे मृत्युकर १९८५ मध्ये व संपत्तिकर २०१५ मध्ये रद्द झाला. कुळाकडे गेलेली जमीन मात्र परत आली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. जातीने कसणाऱ्यास, किंबहुना स्वतः देखरेख ठेवून मजुरांकरवी कसविणाऱ्यासही कायद्याने संरक्षण दिले होते. परंतु नांगराला हात न लावणे हेच ज्या घरांत मोठेपणाचे लक्षण होते, आणि ज्यांचे कर्ते पुरुष नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास होते, त्यांच्या हाती खंडाच्या पावत्यांपलीकडे काय होते? जी प्रतिष्ठा जपली, तिनेच जमीन घालविली. उलटपक्षी, पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळणाऱ्या कुळाच्या घरी प्रथमच सातबाऱ्यावर नाव लागले. तेथील पुरुषाचा मानही त्याच दिवशी वाढला. आपल्या हानीचे स्मरण ठेवताना हा न्याय विसरणे योग्य नव्हे.

कुटुंबांचे काय झाले? खंडाच्या धान्यावर चालणारे एकत्र घर फुटले. वाड्यात वृद्ध राहिले, तरुण बिऱ्हाडे करून शहरात गेले. ‘वतनदाराचा मुलगा’ या ओळखीची जागा पदवीने व पगाराने घेतली. काही पुरुषांना हा पालट सोसवला नाही. त्यांचे आयुष्य कज्ज्यांत व गतवैभवाच्या गोष्टींत सरले. त्या घरांचा संसार बहुधा स्त्रियांनीच निगुतीने सावरला.

ज्ञातिबांधवांनो, जी मिळकत कायद्याच्या एका कलमाने जाऊ शकते, तिच्यावर कुळाचा मान उभारू नये, हाच या शतकाचा धडा होय. विद्या, उद्योग व सचोटी यांस खालसा करणारे कमिशन अद्याप निघालेले नाही. यास्तव मुलामुलींच्या शिक्षणास हात आखडता घेऊ नये, आणि घरातील जुन्या सनदा व फेरफार अभिमानासाठी नव्हे, तर इतिहासासाठी जपून ठेवावेत, एवढीच नम्र विनंती.