सभासदांची यादी आणि संस्थेची सनद
(अमेरिकेच्या दक्षिणेतील वंशसमतेच्या संस्था व राज्यसत्ता, १९५४–१९६५)

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी जो लढा झाला, त्याचा इतिहास बहुधा मोर्चे, बहिष्कार आणि नेत्यांची भाषणे यांच्या अंगाने लिहिला जातो. त्या इतिहासात संस्थेच्या दप्तराला फारसे स्थान मिळत नाही. वस्तुतः १९५४ नंतरच्या दशकात राज्यसरकारांनी या संस्थांवर जे आघात केले, त्यांतील सर्वांत परिणामकारक आघात दप्तरावरच होते. कोणत्या नोंदणीखाली संस्था चालते, तिचे सभासद कोण, पैसा कोठून येतो, करसवलत कोणत्या कलमाखाली मिळाली, हे प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचे वाटतात. परंतु त्यांच्या उत्तरांवर शेकडो माणसांची उपजीविका आणि प्रसंगी जीवितही अवलंबून होते.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले. त्यानंतर दोनच महिन्यांत मिसिसिपीतील इंडिअनोला या गावी पहिली ‘सिटिझन्स कौन्सिल’ स्थापन झाली. वकील, पेढीवाले, मळेवाले अशी गावातील प्रतिष्ठित मंडळी तीत होती, आणि त्यांचे शस्त्र आर्थिक होते. त्याच राज्यातील याझू सिटी येथे १९५५ मध्ये ५३ कृष्णवर्णीय पालकांनी शाळा एकत्र कराव्यात अशा अर्जावर सह्या केल्या. कौन्सिलने ती नावे स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात म्हणून छापली. नावांखाली धमकीचा एकही शब्द लिहिण्याची गरज नव्हती. कोणाची नोकरी गेली, कोणाला दुकानदाराने उधारी नाकारली, आणि थोड्याच काळात बहुतेकांनी आपल्या सह्या मागे घेतल्या. यादी छापणे म्हणजेच शिक्षा, हा धडा दक्षिणेतील राज्यकर्त्यांना येथे मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.

या काळातील सर्वांत मोठी संस्था ‘नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ ही होय. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या आणि न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने नोंदलेल्या या संस्थेच्या संस्थापकांत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हे होते. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे करावयाच्या अर्जासंबंधी ज्यांना पत्र लिहिले तेच हे डु बॉइस, हे मराठी वाचकास स्मरत असेल. अलाबामात तिच्या शाखा १९१८ पासून होत्या आणि १९५१ मध्ये तेथे तिची प्रादेशिक कचेरीही उघडली होती. परराज्यात नोंदलेल्या निगमाने अलाबामात काम करावयाचे तर तेथे वेगळी नोंद करावी असा त्या राज्याचा कायदा होता. धर्मादाय स्वरूपाच्या आपल्या संस्थेस तो लागू नाही या समजुतीने असोसिएशनने अशी नोंद केली नव्हती, आणि कोणी तिला त्याबद्दल विचारलेही नव्हते.

१९५६ मध्ये मात्र ही नोंद एकाएकी महत्त्वाची झाली. आदल्या डिसेंबरात माँटगोमेरी शहरात बसगाड्यांवरील बहिष्कार सुरू झाला होता, आणि फेब्रुवारीत ऑथरिन ल्यूसी या कृष्णवर्णीय तरुणीने अलाबामा विद्यापीठात प्रवेश घेतला होता. १ जून १९५६ रोजी राज्याचे महाधिवक्ता जॉन पॅटरसन यांनी असोसिएशनविरुद्ध फिर्याद दाखल केली. तीत या दोन्ही घटनांचा उल्लेख होता. न्यायाधीश वॉल्टर जोन्स यांनी प्रतिवादीस न ऐकताच मनाई हुकूम काढला. संस्थेने राज्यात कोणतेही काम करू नये, एवढेच नव्हे तर नोंदणीसाठी अर्जही करू नये, असे त्या हुकुमात होते. म्हणजे नोंद नाही म्हणून काम बंद, आणि नोंद करावयासही बंदी! त्यानंतर राज्याने कागदपत्रे मागितली. खतपत्रे, पेढीचे हिशेब आणि अलाबामातील सर्व सभासदांची नावे व पत्ते यांचा त्यांत समावेश होता.

येथे असोसिएशनने घेतलेली भूमिका बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिने सगळ्यालाच नकार दिला नाही. नोंदणीचे अर्ज भरून देण्याची तयारी तिने दाखविली, बहुतेक कागद हजर केले, पदाधिकाऱ्यांची व पगारी सेवकांची नावे सांगण्यासही हरकत घेतली नाही. नकार एकाच गोष्टीला होता, तो साध्या वर्गणीदार सभासदांच्या यादीला. पदाधिकारी उघडपणे वावरत होते, त्यांनी धोका जाणून पत्करला होता. पण वर्षाची वर्गणी भरून घरी जाणारी शिक्षिका, धोबीण किंवा खंडकरी शेतकरी यांच्या वतीने तो धोका पत्करण्याचा अधिकार संस्थेस नव्हता. न्यायालयाच्या अवमानाबद्दल प्रथम १०,००० डॉलर आणि पाच दिवसांनंतर १,००,००० डॉलर दंड झाला. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने, अर्जाचा प्रकार चुकला, असे कारण देऊन प्रकरणात शिरण्याचे नाकारले.

३० जून १९५८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा दंड रद्द केला. न्यायमूर्ती हार्लन यांच्या निवाड्याचा गाभा असा की, संघटित होण्याचे स्वातंत्र्य आणि सभासदत्व गुप्त ठेवण्याची मुभा यांचा निकट संबंध आहे. नावे उघड झाली की नोकरी जाते, मारहाण होते. तेव्हा छळ करणारे हात खाजगी असले तरी त्यांना वाट करून देणारी कृती राज्याचीच असते. या निवाड्याच्या वाटेत मात्र एक अडचण उभी होती. १९२३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कू क्लक्स क्लॅनला आळा घालण्यासाठी शपथबद्ध संघटनांनी सभासदांच्या याद्या सादर कराव्यात असा कायदा केला होता, आणि १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला होता. अलाबामाने नेमका याच निवाड्याचा आधार घेतला. न्यायमूर्तींनी क्लॅनचे हिंसक स्वरूप दाखवून दोहोंत भेद केला. लुइझियानात तर, क्लॅनविरुद्ध १९२४ मध्ये झालेला कायदाच १९५६ मध्ये असोसिएशनविरुद्ध वापरण्यात आला. दुर्बलांच्या रक्षणासाठी केलेला कायदा सत्तेच्या हातात उलटा फिरतो, हे या इतिहासात एकदाच घडलेले नाही.

निवाडा झाला, पण काम सुरू झाले नाही, आणि अभ्यासकांचे दुर्लक्ष होते ते येथेच. अलाबामाच्या न्यायालयाने दंड पुन्हा कायम केला. १९५९ मध्ये तो पुन्हा रद्द करावा लागला. मूळ मनाई हुकुमाची सुनावणीच होईना, तेव्हा ती घ्या असे १९६१ मध्ये वॉशिंग्टनहून सांगावे लागले. सुनावणीनंतर बंदी कायमची झाली. त्यावरील अपील, निवेदनाची मांडणी नियमानुसार नाही, या सबबीवर फेटाळले गेले. अखेरीस १ जून १९६४ रोजी, म्हणजे फिर्यादीनंतर बरोबर आठ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी उठविली. प्रत्येक खेपेस संस्था जिंकली आणि आठ वर्षे अलाबामात तिचे दार बंदच राहिले. इतर राज्यांतूनही असेच कायदे झाले. दक्षिणेतील तिची सभासदसंख्या १९५५ मध्ये सुमारे १,२८,००० होती, ती १९५७ मध्ये सुमारे ८०,००० वर आली. पॅटरसन मात्र १९५८ मध्ये राज्यपालपदी निवडून आले. राजकीय हिशेबात विलंब हाच विजय होता.

मग या आठ वर्षांत अलाबामातील काम कोणी केले? बर्मिंगहॅमच्या बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक फ्रेड शटल्सवर्थ हे असोसिएशनच्या सभासदनोंदणीचे काम पाहत असत. मनाई हुकूम निघाल्यावर पाचव्या दिवशी, ५ जून १९५६ रोजी, त्यांनी ‘अलाबामा ख्रिश्चन मूव्हमेंट फॉर ह्यूमन राइट्स’ ही नवी संस्था उभी केली. ती अलाबामातच जन्मली असल्याने परराज्यातील निगमाचा कायदा तिला लागू नव्हता. तिच्या सभा चर्चमध्ये होत आणि पुढारी धर्मोपदेशक असत. त्यांचा पगार गोऱ्या मालकाच्या नव्हे, स्वतःच्या मंडळीच्या हाती होता. याचा अर्थ ती सुरक्षित होती असा नव्हे. त्याच वर्षी नाताळच्या रात्री शटल्सवर्थ यांचे घर बाँबने उडविण्यात आले.

पगार कोणाच्या हाती, हा प्रश्न दक्षिण कॅरोलायनात अधिक तीव्र झाला. १९५६ मध्ये तेथे असोसिएशनच्या सभासदांस सरकारी नोकरीत ठेवू नये असा कायदा झाला. चार्ल्सटनच्या सेप्टिमा क्लार्क १९१६ पासून शिक्षिका होत्या. त्यांनी आपले सभासदत्व लपविले नाही. नोकरी गेली आणि तिच्याबरोबर निवृत्तिवेतनही. त्यानंतर त्या टेनेसीतील माँटईगलजवळच्या ‘हायलँडर फोक स्कूल’ या संस्थेत कार्यशाळांच्या संचालिका झाल्या. माइल्स हॉर्टन यांनी डेन्मार्कच्या लोकशाळा पाहून १९३२ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह स्थापन केलेल्या या शाळेत गोरे व काळे एकत्र राहत, एकत्र जेवत. रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात तेथे येऊन गेल्या होत्या.

क्लार्क यांच्या कार्याचे खरे क्षेत्र ठरले ते चार्ल्सटनजवळचे जॉन्स बेट. मतदार म्हणून नोंद होण्यासाठी राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे, अथवा ३०० डॉलर मूल्याची करपात्र मालमत्ता असावी लागे. बेटावरील बहुसंख्य प्रौढांपाशी दोन्ही नव्हते. शिवाय त्यांची बोली गला ही होती. ही अशुद्ध इंग्रजी आहे असा शिक्षितांचा समज. लोरेन्झो टर्नर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिच्यातील आफ्रिकी शब्दांचे व व्यक्तिनामांचे भांडार दाखवून तो खोडून काढला होता. पण परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याने टर्नर वाचलेला नव्हता. बेटावरचे कार्यकर्ते इसाव जेन्किन्स आपली बस चार्ल्सटनला नेताना प्रवाशांकडून घटनेची कलमे पाठ करून घेत. पाठ करणे म्हणजे वाचणे नव्हे, हे प्रवाशांनाच जाणवले आणि वर्गाची मागणी तेथून आली.

हायलँडरच्या कर्जाऊ रकमेतून एक जुनी इमारत घेण्यात आली. पुढे सहकारी दुकान आणि मागे वर्ग, अशी तिची योजना होती. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नजरेत वर्ग येऊ नये हा दुकानाचा एक हेतू होता. जानेवारी १९५७ मध्ये १४ विद्यार्थ्यांनिशी पहिला वर्ग भरला. शिकवावयास आल्या बर्निस रॉबिन्सन, ज्या व्यवसायाने केशप्रसाधिका व शिवणकाम करणाऱ्या होत्या. त्यांची निवड योगायोगाने झालेली नव्हती. प्रशिक्षित शिक्षक सरकारचे नोकर, तेव्हा त्यांना हे काम झेपणारे नव्हते. रॉबिन्सनबाईंची गिऱ्हाइके कृष्णवर्णीय असल्याने त्यांची भाकरी कोणास हिरावून घेता येत नव्हती. त्यांनी मुलांची क्रमिक पुस्तके बाजूस ठेवली. सही करणे, मनीऑर्डर भरणे, टपालाने माल मागविण्याची सूची वाचणे आणि शेवटी मतदार नोंदणीचा अर्ज, हा अभ्यासक्रम विद्यार्थ्यांच्या गरजांतून तयार झाला. मराठी मुलखातील प्रौढशिक्षणाच्या वर्गांशी परिचय असणाऱ्यास या क्रमाचे मर्म सांगावयास नको.

इकडे हायलँडरवर संकटे येत होती. १९५७ मध्ये करसवलत काढून घेण्यात आली, ती पुढे परत मिळाली. त्याच वर्षी जॉर्जिया सरकारच्या एका आयोगाने शाळेच्या वर्धापनसमारंभात छायाचित्रकार धाडला, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे तेथील छायाचित्र ‘कम्युनिस्ट प्रशिक्षण शाळा’ या मथळ्याखाली रस्त्यारस्त्यावर लागले. ३१ जुलै १९५९ रोजी पोलिसांनी शाळेवर धाड घालून क्लार्क यांना दारू बाळगल्याच्या आरोपावरून पकडले; त्या मद्याला स्पर्शही करीत नसत. पुढील खटल्यात तीन आरोप टिकले: परवान्याविना बिअरची विक्री, हॉर्टन यांनी संस्थेपासून खाजगी लाभ घेणे, आणि १९०१ च्या कायद्याविरुद्ध गोऱ्या-काळ्यांना एकत्र शिकविणे. १९६१ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने सनद रद्द करण्याचा निर्णय कायम केला, परंतु तिसरा मुद्दा निर्णयाविना बाजूस ठेवला. यातील चातुर्य लक्षात घेण्याजोगे आहे. वर्णविभाजनाचा प्रश्न उरला असता तर तो संघराज्याच्या घटनेचा प्रश्न ठरला असता. बिअरचा प्रश्न मात्र राज्यातल्या राज्यात संपत होता. वॉशिंग्टनच्या न्यायालयाने अपील घेण्यास नकार दिला. डिसेंबर १९६१ मध्ये शाळेच्या मालमत्तेचा लिलाव झाला.

तथापि लिलावात काढण्यासारखे तेथे फारसे काही उरले नव्हते. ऑगस्टमध्येच ‘हायलँडर रिसर्च अँड एज्युकेशन सेंटर’ या नावाने नवी सनद मिळविण्यात आली होती, आणि नागरिकत्वाचे वर्ग त्याआधीच किंग यांच्या ‘सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स’कडे सोपविले गेले होते. येथेही एक दप्तरी अडचण आली. फील्ड फाउंडेशन पैसा देण्यास तयार होते, पण कॉन्फरन्सला करसवलत नव्हती. तेव्हा युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टच्या एका विभागामार्फत अनुदान घेण्यात आले. अँड्र्यू यंग त्याचे व्यवस्थापक झाले आणि त्याच चर्चचे जॉर्जियातील डॉर्चेस्टर केंद्र शिक्षक तयार करण्यासाठी मिळाले. एका संस्थेची कल्पना, दुसरीचे नाव, तिसरीचे खाते, चौथीचा पैसा, अशी ही रचना होती. हिशेबतपासनीसास ती कटकटीची वाटली असेल. परंतु कोणत्याही एका संस्थेची सनद रद्द करून हे काम थांबविता येणार नव्हते. ६ ऑगस्ट १९६५ च्या मतदानहक्क कायद्याने दक्षिणेतील बहुतेक भागात साक्षरतेची कसोटी स्थगित केली, तोवर हे वर्ग अनेक राज्यांत पसरले होते.

अशा विखुरलेल्या रचनेची किंमतही होती, आणि गौरवपर लेखनात तिचा उल्लेख टाळला जातो. नवी संस्था जुन्या संस्थेच्या सभासदांवरच उभी राहते. बर्मिंगहॅमच्या चळवळीला असोसिएशनच्या मुख्य कचेरीकडून नेहमीच आपुलकी मिळाली असे नाही. शिवाय धर्मोपदेशकांच्या नेतृत्वाखालील संघटनेत आपले म्हणणे ऐकले जात नाही, ही क्लार्क यांची तक्रार त्यांनी स्वतःच पुढे नमूद केली आहे. शिक्षिकांच्या संस्थेकडून उपदेशकांच्या संस्थेकडे काम गेले, तेव्हा स्त्रियांचे स्थान बदलले.

१९५८ च्या निवाड्याचा पुढील प्रवास अनपेक्षित दिशांनी झाला. १ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी, धर्मादाय संस्थांकडून मोठ्या देणगीदारांची नावे मागणारा कॅलिफोर्नियाचा नियम रद्द केला. आधार अलाबामाच्या निवाड्याचा होता, आणि दावेदारांत ‘अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी फाउंडेशन’ ही धनाढ्य पुराणमतवादी संस्था होती. दुसरीकडे, दास्यमुक्तांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून झालेल्या १८६६ च्या कायद्याखाली अटलांटातील ‘फिअरलेस फंड’वर दावा लावण्यात आला. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लहान उद्योगांना २०,००० डॉलरची अनुदाने देणारी ही संस्था जून २०२४ मध्ये अपील न्यायालयात दोन विरुद्ध एक मतांनी हरली, आणि सप्टेंबरमध्ये तडजोड करून तिने ती योजना बंद केली. क्लॅनविरुद्धच्या कायद्याचे लुइझियानात जे झाले, त्याचीच ही नवी आवृत्ती म्हणता येईल.

२१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या हुकुमात, संघसरकारचे अनुदान घेणाऱ्यांनी आपण समावेशनाचा कोणताही बेकायदा कार्यक्रम चालवीत नाही असे प्रमाणपत्र द्यावे, अशी अट घालण्यात आली. ते खोटे ठरल्यास सरकारची फसवणूक केल्याच्या कायद्याखाली दायित्व येते. बेकायदा म्हणजे काय, याची व्याख्या हुकुमात नव्हती. प्रत्येक खात्याने मोठे निगम, मोठ्या स्वयंसेवी संस्था, ५० कोटी डॉलरहून कमी मालमत्ता नसलेली प्रतिष्ठाने आणि श्रीमंत विद्यापीठे यांतून चौकशीसाठी नऊपर्यंत नावे काढावीत, असेही त्यात होते. त्यानंतरच्या महिन्यांत अनेक संस्थांनी आपल्या विभागांची नावे बदलली. त्यांपैकी कोणी केवळ दुकानाची पाटी बदलली आणि कोणी मागचा वर्गही बंद केला, हे त्या त्या संस्थेचे दप्तर उघडल्यावरच कळेल.