वस्तरा उजळावा का?

जुनी वस्तू उजळून घ्यावी की आहे तशी राहू द्यावी, हा प्रश्न समई-घंगाळाच्या बाबतीत फारसा जड जात नाही. चिंचेने घासले की पितळ लखलखते. झिजते ते नावापुरते. पोलादी वस्तऱ्यावरचा गंज मात्र आत उतरलेला असतो. तो मुळापासून काढायचा तर भोवतालचे पोलादही जाते, आणि वस्तऱ्याचा इतिहास नेमका त्या वरच्या थरावर असतो.

एका नाभिक कुटुंबाच्या धोकटीतले दोन वस्तरे पाहण्यात आले, तेव्हा हा पेच प्रत्यक्ष समोर उभा राहिला. एड्सच्या धास्तीने दुकानांतून बदलत्या पात्याचे वस्तरे आले आणि जुने पडून राहिले. घरातल्या तरुणाला पणजोबांचा वस्तरा आरशासारखा चमकवून दुकानात काचेत लावायचा होता. त्या वस्तऱ्यावर मुठीजवळ मुकुट, ‘व्ही आर’ ही अक्षरे आणि शेफील्डचे नाव आहे. पात्यावर पुसटसे ‘सिल्व्हर स्टील’.

‘व्ही आर’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, म्हणजे घडण १८३७ ते १९०१ मधली. ‘इंग्लंड’ हा शब्द कुठे नाही. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे झाले, म्हणून असा वस्तरा संग्राहक त्याआधीचा धरतात. पण मुंबईत उतरणाऱ्या मालाला तो कायदा लागू नव्हता. तेव्हा हा पुरावा लंगडाच.

‘सिल्व्हर स्टील’ची गोष्ट अधिक रोचक, आणि तिचा एक धागा मुंबईत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ नावाच्या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये त्यावर निबंध सादर केला. शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे. वास्तविक ते दक्षिणेतल्या भट्ट्यांतले. लंडनचा कारागीर जेम्स स्टोडार्ट त्याचे वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे करू लागला, आणि युरोपातल्या उत्तम पोलादाहून आपण ते पसंत करतो अशी त्याने जाहिरातही केली. पुढे मायकेल फॅरडेबरोबर त्याने पोलादाच्या मिश्रणांचे प्रयोग केले. त्यांत ५०० भाग पोलादाला १ भाग चांदी हे प्रमाण त्यांना फार चांगले वाटले. शेफील्डच्या कारखानदारांनी नाव उचलले. चांदी प्रत्येक वस्तऱ्यात पडलीच असेल असे नाही! तरी ती पुसट अक्षरे त्या प्रयोगांची खूण आहेत, आणि पॉलिशच्या चाकाखाली पहिल्यांदा तीच जातात.

दुसरी खूण कण्यावर. धार लावताना वस्तरा दगडावर आडवा फिरवतात. तेव्हा कणा आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, दोन्ही झिजतात, आणि धारेचा कोन जवळपास तोच राहतो. या वस्तऱ्याच्या कण्यावर सपाट पट्ट्या पडल्या आहेत, त्या टोकाकडे अधिक रुंद. दगडावर टोकाकडे दाब देण्याची सवय असलेला कुणाचा तरी हात तिथे उमटला आहे. शेफील्डचे शिक्के इतर वस्तऱ्यांवरही सापडतील. हा हात दुसरीकडे सापडणार नाही. चाकाची आणखी एक भीती म्हणजे उष्णता. धारेजवळचे पाते क्षणात तापते, आणि निळी झाक आली की तिथले पाणी उतरलेच.

तरुणाचे म्हणणेही सोडून देण्यासारखे नव्हते. पणजोबांनी वर्षभर गावाची डोकी करून खळ्यावर बलुते मागितले. त्यांची वस्तू आता तरी चमकू दे. संशोधकाला गंज प्रिय असतो, कारण तो त्याच्या घरचा नसतो. पण या धंद्याचा इतिहास नुसता मागण्याचा नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरवले. या वस्तऱ्याचा त्या सभेशी संबंध जोडायला आधार नाही. मात्र तेव्हाच्या न्हाव्याचे हत्यार कसे होते आणि किती राबले, हे सांगणारा पुरावा असाच असतो, आणि तो चमकवला की मुका होतो. तरुणाला मी हेच सांगितले.

धोकटीतला दुसरा वस्तरा झोलिंगेनचा, बराच नंतरचा, कारखान्यातून थेट आल्यासारखा. त्याला फारशी धार लावल्याची खूण नव्हती. त्याची सेल्युलॉइडची मूठ विरघळू लागली होती. तिच्यातून सुटणाऱ्या आम्लधुरानेच पाते गंजले होते, आणि शेजारच्या वस्तऱ्यालाही त्याची झळ लागली असती. ती मूठ काढून टाकली, पाते उजळले, नवी मूठ बसवली. दुकानातल्या काचेत आता तो आहे.

शेफील्डच्या वस्तऱ्याचा सुटा लाल गंज तेलाच्या बोळ्याने टिपला, काळी झाक तशीच ठेवली, शिंगाची तडकलेली मूठही बदलली नाही. धार लावली नाही. धोकटीचे चामडे ओल धरते, म्हणून तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवला आहे.