सोन्याचं डिजिटल घड्याळ स्वस्त कसं झालं?

हिंजवडीच्या आयटी पार्कात काम करणाऱ्यांना हे ठाऊक असेल: काही प्रोजेक्टच्या फ्लोअरवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. स्मार्टवॉचही चालत नाही. मग वेळ कशात बघायची? म्हणून मी साधं डिजिटल घड्याळ वापरतो. आज त्याचाच इतिहास.

पहिलं इलेक्ट्रॉनिक डिजिटल मनगटी घड्याळ म्हणजे १९७२ चं अमेरिकेतलं 'पल्सर'. सोन्याचं, किंमत २,१०० डॉलर! त्याचे लाल आकडे एवढी बॅटरी खायचे, की वेळ बघायला दर वेळी बटण दाबावं लागायचं. नंतर एलसीडी आली. तिचे आकडे स्वतः उजेड देत नाहीत, बाहेरच्या उजेडात दिसतात. त्यामुळे वीज अगदी थोडी लागते आणि वेळ कायम समोर असते.

१९८९ मध्ये जपानच्या कॅसिओनं एफ-९१डब्ल्यू आणलं. वजन २१ ग्रॅम, सेल साधारण ७ वर्षं, महिन्याचा फरक फार तर ३० सेकंद. आजही ते विकलं जातं. माझ्या मते ते टिकलं, कारण ते मोजकीच कामं करतं.

घेताना दोन गोष्टी बघा. सेल किती वर्षं चालतो आणि जवळचा घड्याळवाला तो बदलून देईल का? दुसरं, नुसतं 'वॉटर रेझिस्ट' लिहिलं असेल तर पावसाचे शिंतोडे चालतील, पोहणं नाही. पोहायचं तर १०० मीटर लिहिलेलं घ्या.

तुमच्या घरी जुनं डिजिटल घड्याळ अजून चालू आहे का? नक्की कळवा!