छोट्या छंदाला राष्ट्रीय संस्था हवी का?

बाल्सा लाकडाच्या हलक्या पट्ट्यांपासून विमानांच्या प्रतिकृती घडवून त्या उडविण्याची विद्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत शिकविली जाते. या मोजक्या छांदिष्टांना स्वतंत्र राष्ट्रीय संस्था हवी काय?

हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५ किलोपर्यंतच्या, शिक्षण वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृतींना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली. उद्या ही सूट आखडली, तर त्यांची बाजू कोणी मांडावी?

साहित्यसंस्थांचा इतिहास येथे उद्बोधक आहे. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६, विदर्भ साहित्य संघ १९२३, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ आणि मराठवाडा साहित्य परिषद १९४३ साली स्थापन झाली. या चौघांचे महामंडळ मात्र १९६१ साली. आधी घरे उभी राहिली, मग सामाईक अंगण आले. १९०५ च्या आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघातही प्रतिकृतींना वेगळे घर मिळाले नाही. १९३६ साली त्याच छताखाली त्यांचा स्वतंत्र आयोग झाला.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, पांढुर्णा-सौंसर मात्र मध्य प्रदेशातच राहिले. मोठ्या संस्था सीमेपलीकडे असतानाही येथे मराठी टिकली, ती घराघरांतून. म्हणून या छांदिष्टांनीही आधी गावोगावी मंडळे उभारावीत आणि त्या बळावर एरो क्लब ऑफ इंडियाच्या छत्राखाली हक्काची जागा मागावी. सभासदांवाचून उभारलेली राष्ट्रीय संस्था म्हणजे नुसती पाटी होय. आणि पाटीचे म्हणणे कोणतेही शासन ऐकत नसते.