थेट निवड आणि मतदारांची अपेक्षा : काटेवाडी ते महानगर
काटेवाडीचा मतदार सरपंच थेट निवडतो, नजीकच्या बारामतीचा मतदार नगराध्यक्ष. पुण्याचा महापौर मात्र नगरसेवक निवडतात. पाणी, रस्ते, स्वच्छता यांविषयी जाब देणारी एक व्यक्ती असावी, ही अपेक्षा तिन्हीकडे सारखीच आहे.

राज्यात २००१ मध्ये नगराध्यक्षांची थेट निवडणूक झाली. पुढे ती पद्धत बंद होऊन २०१६ मध्ये परतली. सरपंचांची थेट निवड २०१७ मध्ये आली. दोन्ही तरतुदी २०२० मध्ये रद्द व २०२२ मध्ये पुनःस्थापित झाल्या. हे दोन्ही बदल सत्तांतरापाठोपाठ झाले. महानगरांत तर कार्यकारी अधिकार आयुक्तांकडेच आहेत. सारांश, मतदाराची अपेक्षा स्थिर राहिली. जाब विचारण्याचा त्याचा अधिकार मात्र सत्ताधाऱ्यांच्या सोयीनुसार बदलत गेला.