मामा तलाव

भंडारा-गोंदियाकडे कोणी ‘मामा तलावा’चं नाव घेतलं की बाहेरच्या माणसाला आजोळ आठवतं. पण त्या शब्दात नातं नाही. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची पहिली अक्षरं आहेत.

तलाव या नावाहून पुष्कळ जुने. गोंड राजांच्या काळी कोहळी समाजाने जमिनीचा उतार ओळखून पाळी (बांध) घातल्या. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळीचं नाव आजही जोडलं जातं. इंग्रजांनी 1860च्या दशकात मालगुजारी ही जमीनमहसुलाची पद्धत बसवली, 1950च्या कायद्याने ती गेली. मालगुजारांच्या ताब्यातले तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी’ हा शब्द चिकटला तो कायमचा.

सरकारी कागदावर पाणी आलं, पाळ आली, मासेमारीचा ठेका आला. पाण्यातल्या वनस्पती कुठेच आल्या नाहीत. मला या साऱ्या कथेतली हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते. मरळ वनस्पतींच्या आडोशाला घरटं करते, नर-मादी पिलांची राखण करतात. वागूर, शिंगी पहिल्या पावसात चढणीला लागून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शिरतात. मासेमारी करणाऱ्या ढिवरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

1957 साली हीरालाल चौधुरींनी ओडिशात संप्रेरक टोचून कार्प मासे विणवले. शोध मोठाच होता. रोहू-कटला या कार्पांचं मत्स्यबीज हवं तेवढं मिळू लागलं. पण हे नदीचे मासे, साचल्या तलावात विणत नाहीत. म्हणजे बीज दरवर्षी विकत आणायचं. स्थानिक मासा मात्र तिथल्या तिथे, फुकट वाढत होता. तो मागे पडला. काही ठिकाणी गवत खाणारा कार्पही सोडला गेला. त्याने मरळीचा आडोसाच फस्त केला. कडेने बेशरम नावाचं झुडूप माजलं.

उलटा रस्ता ढिवरांनीच धरला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्यासोबत बसले, त्यांच्याकडूनच वनस्पतींची आणि माशांची नावं लिहून घेतली. मग अर्जुनी मोरगाव भागात काम सुरू झालं. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची, कोरडं पडलेलं बूड नांगरायचं, दुसऱ्या तलावातून पाणवनस्पती आणून धानाच्या रोवणीसारख्या लावायच्या. यात ढिवर बायका पुढे होत्या. रोवणी त्यांच्या हातातलीच. बीज विकत आणायचं नव्हतं. चढणीचा मासा पावसाबरोबर येणार होता.