थकबाकीपोटी जमिनीची जप्ती व विक्री (महाराष्ट्र)

थकबाकीपोटी जमिनीची जप्ती व विक्री म्हणजे सरकारी देणे, कर्ज किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याची रक्कम मुदतीत न भरणाऱ्या व्यक्तीची स्थावर मालमत्ता सक्षम अधिकाऱ्याने जप्त करणे, जाहीर लिलावाने विकणे आणि आलेल्या पैशांतून देणे वसूल करणे होय. इंग्लिश कायद्याच्या परंपरेत आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत हे काम शेरीफ या अधिकाऱ्याकडे असते. महाराष्ट्रात मात्र ते एकाच अधिकाऱ्याकडे नाही. देणे कोणाचे आहे, त्यानुसार विक्री करणारा अधिकारी, लागू होणारा कायदा आणि ऋणकोला मिळणारी मुदत बदलते.

शेरीफ हे पद मुंबईतही आहे. शहरातील नामवंत नागरिकाची त्यावर एक वर्षासाठी नेमणूक होते, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६९ व १८७१ साली ते भूषविले होते. आज हे पद मानाचे असले, तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील हुकमांनुसार जप्ती व विक्री करण्याचे काम शेरीफचे कार्यालय करते. न्यायालयाने अटकावून ठेवलेल्या जहाजांचा लिलावही हेच कार्यालय करते. मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांत, उदाहरणार्थ रायगड जिल्ह्यातील तळा तालुक्यात, ही कामे महसूल खाते, दिवाणी न्यायालय आणि सहकार खाते यांच्यात विभागलेली आहेत.

== इतिहास ==

रयतवारी पद्धतीत जमिनीचा कब्जा हस्तांतरणीय झाला आणि ती सावकाराच्या कर्जासाठी तारण ठरू लागली. दिवाणी न्यायालयांतील अनेक दाव्यांत शेतकरी हजर होत नसे. एकतर्फी हुकूमनामे होत आणि त्यांच्या अंमलबजावणीत जमिनी विकल्या जात. या असंतोषातून १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला. दख्खनच्या दंग्यांत जमावाचा मुख्य रोख सावकारांकडील खतांवर व कर्जरोख्यांवर होता.

चौकशी आयोगानंतर १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. जी जमीन त्या कर्जासाठी स्पष्टपणे गहाण दिलेली नाही, ती हुकूमनाम्यापोटी जप्त करता वा विकता येणार नाही, असे बंधन या कायद्याने घातले. कर्जाच्या मूळ व्यवहाराची तपासणी करण्याचा अधिकारही न्यायालयास मिळाला.

कोकणातील कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यात खोती पद्धत होती. १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांमुळे अनेक कुळे जमिनीची मालक झाली. मालकीबरोबर सारा व कर्ज यांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मात्र कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या हस्तांतरणावर त्याच कायद्याच्या कलम ४३ च्या अटी असतात.

== अधिकार कोणाकडे ==

'''महसुली थकबाकी''' : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १७६ मध्ये वसुलीचे मार्ग दिले आहेत. त्यांत मागणीची नोटीस, थकबाकी असलेल्या जमिनीचा कब्जा सरकारजमा करणे, जंगम मालमत्तेची विक्री व इतर स्थावर मालमत्तेची विक्री यांचा समावेश होतो. अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा असून प्रत्यक्ष काम बहुधा तहसीलदारांमार्फत होते. इतर कायद्यांखालील अनेक देणीही 'जमीन महसुलाची थकबाकी' म्हणून याच मार्गाने वसूल होतात.

'''न्यायालयाचा हुकूमनामा''' : दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २१ नुसार धनको दरखास्त दाखल करतो. जप्तीचा हुकूम बेलीफ बजावतो.

'''सहकारी संस्थेचे कर्ज''' : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतो. त्यानंतर १९६१ च्या नियमांतील नियम १०७ प्रमाणे वसुली व विक्री अधिकारी लिलाव करतो.

'''बँकांचे तारण''' : २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता तारण विकता येते, परंतु शेतजमिनीवरील तारणाला हा कायदा लागू होत नाही.

== कार्यपद्धती ==

जप्तीमुळे मालकी लगेच जात नाही. मालकास जमीन विकण्यास वा गहाण देण्यास मनाई होते. पुढे विक्रीचा जाहीरनामा निघतो. महसुली विक्रीत तो गावच्या चावडीसारख्या सार्वजनिक ठिकाणीही लावला जातो आणि त्यानंतर किमान ३० दिवस लिलाव करता येत नाही. न्यायालयीन विक्रीत ही मुदत किमान १५ दिवसांची आहे. सर्वाधिक बोली बोलणाऱ्यास महसुली व न्यायालयीन विक्रीत २५ टक्के, तर सहकारी वसुलीत १५ टक्के रक्कम प्रथम भरावी लागते. विक्री कायम झाल्यावर खरेदीदारास दाखला मिळतो आणि त्याआधारे सातबारा उताऱ्यावर फेरफार होतो.

हुकूमनाम्यापोटी झालेल्या लिलावात ऋणकोचा जेवढा हक्क असेल तेवढाच विकला जातो. सामाईक जमिनीतील भावंडांचा हिस्सा एका भावाच्या वैयक्तिक कर्जासाठी जात नाही. याउलट, जमिनीच्या स्वतःच्या साऱ्यापोटी कब्जा सरकारजमा करून विकल्यास तिच्यावरील इतर बोजेही संपुष्टात येऊ शकतात.

== ऋणकोचे संरक्षण ==

* लिलावापूर्वी थकबाकी व खर्च भरल्यास विक्री थांबते.
* लिलावानंतरही देणे आणि खरेदी किमतीच्या ५ टक्के रक्कम भरून विक्री रद्द करून घेता येते. यासाठी महसुली व सहकारी विक्रीत ३० दिवस, तर न्यायालयीन विक्रीत ६० दिवस मिळतात.
* गंभीर अनियमितता किंवा लबाडीमुळे नुकसान झाल्यास विक्रीला आव्हान देता येते.
* देणे फिटण्यास जेवढी मालमत्ता पुरेशी आहे, तेवढीच न्यायालयाने विकावयाची असते.
* संहितेच्या कलम ६० नुसार शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची अवजारे, आवश्यक गुरे व बियाणे हुकूमनाम्यापोटी जप्त करता येत नाहीत.
* आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. कातकरी वस्ती असलेल्या रायगड जिल्ह्यात या तरतुदीस विशेष महत्त्व आहे.

== आकारी पड जमिनी ==

लिलावात कोणी बोली न लावल्यास अधिनियमाच्या कलम २२० नुसार जिल्हाधिकारी नाममात्र बोलीने जमीन सरकारसाठी घेऊ शकतात. थकबाकीपोटी सरकारजमा झालेल्या अशा जमिनींना 'आकारी पड' म्हणतात. थकबाकी व व्याज भरून त्या परत मिळवण्यास १२ वर्षांची मर्यादा होती. ती उलटल्यावर वारसांना मार्ग उरत नसे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम घेऊन या जमिनी मूळ खातेदारांना वा त्यांच्या वारसांना परत देण्यासाठी या कलमात दुरुस्ती करण्याचा निर्णय घेतला.